जादा वेळेत गोलरक्षक काढणे (आइस हॉकी)

नियमित वेळेत बरोबरी होऊन सामना जादा वेळेत गेल्यावर आपल्या गोलरक्षकाला बाकावर बोलावून त्याच्या जागी आणखी एक आक्रमक बर्फावर उतरवण्याची चाल. जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपतो. त्यामुळे रिकाम्या जाळ्यात पक (खेळाची रबरी चकती) गेला की चूक भरून काढायला संधीच उरत नाही.

गोलरक्षक काढण्याची कल्पना मुळात पिछाडीवरच्या संघाची. 26 मार्च 1931 रोजी बॉस्टन ब्रुइन्सचे प्रशिक्षक आर्ट रॉस यांनी माँट्रियल कनेडियन्सविरुद्धच्या प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीच्या) सामन्यात अखेरच्या मिनिटात टायनी थॉम्प्सनला बाहेर काढले. ब्रुइन्स 0-1 असा हरलाच, पण युक्ती टिकली. पिछाडीवरच्या संघाचे फार बिघडत नाही: एका गोलने हरायचे ते दोन गोलने हरलो, एवढाच काय तो फरक. बरोबरीत असताना मात्र गमावण्यासारखे बरेच असते.

अमेरिका-कॅनडातील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, साखळी सामन्यांसाठी पाच मिनिटांची जादा वेळ 1983-84 पासून आहे. 1999-2000 पासून ती, गोलरक्षक सोडून, चार विरुद्ध चार खेळाडूंची झाली आणि जिंकणाऱ्याला दोन गुण, तसा तीत हरणाऱ्यालाही एक गुण मिळू लागला. 2005-06 मध्ये शूटआउट (एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकावर चालून जाण्याची चढाओढ) आले, तर 2015-16 पासून प्रत्येकी तीनच खेळाडू उतरतात. एवढ्या मोकळ्या बर्फावर चौथा माणूस फार मोठा ठरतो. प्रतिस्पर्ध्याला शिक्षा झाल्यावर, म्हणजे नियमभंगाबद्दल त्याचा खेळाडू काही वेळ बाहेर बसवल्यावर, मिळते तसेच चारास तीनचे बळ इथे शिक्षेवाचून मिळते.

या बळाची किंमत नियमाने ठरवून ठेवली आहे. गोलरक्षक बाहेर असताना गोल खाल्ला, तर बरोबरीमुळे आधीच पदरात पडलेला गुणही जातो. अपवाद एकच: पंचाने प्रतिस्पर्ध्याला शिक्षा देण्याची खूण केली, पण खेळ अजून थांबवलेला नाही, अशा वेळी गोलरक्षक काढलेला असेल, तर गुण शाबूत राहतो. हिशेब साधा आहे. बरोबरीच्या ताकदीचा संघ जादा वेळ आणि शूटआउट मिळून निम्मे सामने जिंकेल असे धरले, तर त्याची सरासरी कमाई दीड गुण. ही चाल खेळून तेवढेच मिळवायचे, तर चारपैकी तीन सामने जिंकावे लागतील. ही अट भलतीच कडक आहे. मात्र मोसमाच्या अखेरीस एका गुणाने भागणार नसेल, दोनच हवे असतील, तर तो हातचा गुण नाममात्र उरतो. मग जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी वाढली तरी धोका पत्करणे शहाणपणाचे.

वेळ साधणे हे खरे कौशल्य. जादा वेळेपूर्वी संघ बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करणाऱ्यांचा बाक दूर पडतो. पक आपल्याकडे फिरवत ठेवला की समोरचे तिघे दमून आपल्याच भागात अडकतात आणि त्यांना बदली घेता येत नाही. आक्रमकांचा बाक मात्र जवळ असतो. गोलरक्षकाला बरेच अंतर कापावे लागते, पण चौथा खेळाडू थेट हल्ल्यात सामील होतो. एक पास चुकला तर मात्र मागे कोणीच नसते.

मार्च 2024 मध्ये मिनेसोटा वाइल्डचे प्रशिक्षक जॉन हाइन्स यांनी ही चाल वापरली. संघ प्लेऑफच्या शर्यतीत मागे होता, म्हणजे वर सांगितलेल्याच स्थितीत. नॅशव्हिल प्रेडेटर्सविरुद्ध मॅट बोल्डीने विजयी गोल केला तेव्हा ती फळली. त्याच महिन्यात व्हेगस गोल्डन नाइट्सविरुद्ध मात्र त्यांच्या जोनाथन मार्शेसोने पक रिकाम्या जाळ्यात धाडला आणि गुणही गेला. टीका होणे साहजिक होते. शूटआउटमध्ये तोच सामना हरले असते तर प्रशिक्षकाला कोणी फारसे विचारले नसते. वाइल्डला त्या मोसमात प्लेऑफ गाठता आले नाही.

प्लेऑफमध्ये जादा वेळ पाच विरुद्ध पाच खेळाडूंनी, वीस-वीस मिनिटांच्या सत्रांत, गोल होईपर्यंत चालते. तिथे गुणांचा प्रश्नच नसतो आणि शूटआउटही नसते, त्यामुळे घाई करायला कारण उरत नाही.