भंडाऱ्याचा टॉवेल लाल का होतो?

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन या, नाहीतर मंगसुळीच्या खंडोबाला. परतताना खांद्यावरचा पांढरा टॉवेल पिवळाधमक झालेला असतो. घरी साबण लावला की तोच डाग क्षणात विटकरी लाल! गेल्या यात्रेनंतर बेळगावात आमच्या शेजारच्या काकू हे पाहून हबकल्या. "देवी कोपली," असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं. म्हणून हे लिहितोय.

भंडारा म्हणजे हळद आणि तिचा रंग म्हणजे कर्क्युमिन. दोन षट्कोनी कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी, असा हा देखणा रेणू. साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जागी न बसता रेणूभर पसरतात. असा रेणू सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश गिळतो. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. साबणाचं पाणी आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं. त्यात कड्यावरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटातला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, सुटतो, मागे ऋणभार राहतो, इलेक्ट्रॉनांना आणखी मोकळं रान मिळतं. मग शोषण हिरव्या प्रकाशाकडे सरकतं आणि डाग लाल दिसतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी ओतून 'रक्त' दाखवणारे भोंदूही याच रसायनावर पोट भरतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

लिंबू पिळलं की डाग परत पिवळा होतो, पण जात नाही. प्रोटॉन तेवढा परत आला. आणि ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि सुती धाग्याला घट्ट धरते. म्हणून यात्रेहून आल्यावर टॉवेल आधी कोरडाच खसखसून झटका, मग भिजवा, तोही वेगळ्या बादलीत. धुऊन कडक उन्हात डागाची बाजू वर करून पसरा. प्रकाशाने ती साखळीच तुटते. तुटलेल्या तुकड्यांत व्हॅनिलिनही असतं, म्हणजे आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य! हे तुकडे रंगहीन असतात. दोन-तीन उन्हं खाल्ली की डाग फिका पडतो. रंगीत टॉवेलचा मात्र मूळ रंगही उडेल.

खानापूरकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं. तिथे टॉवेल धुऊन, सावलीत वाळवून ठेवा आणि पहिली उघडीप मिळताच अंगणात टाका.