मणी मोठा, तेवढा गुण मोठा?

ठाण्यात गोखले रोडला खरेदीला गेलं की स्फटिकाच्या ब्रेसलेटबद्दल कुणी ना कुणी सांगतंच, ‘‘मोठा मणी घ्या, गुण जास्त येतो.’’ हे खरं नाही. स्फटिक म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. मणी केवढाही असो, पदार्थ तोच. आणि गुण तर कुठल्याच मापात सिद्ध झालेला नाही. मोठ्या मण्याने वाढतं ते वजन. बिलही, अर्थात.

माप बघायचं ते मनगटाचं. माझं भरलं 16 सेंमी, म्हणून 8 मिमीचे 20 मणी ओवले. हिशेब चोख! घातल्यावर इलॅस्टिक ताणलं, कातडीवर वळ उठले. मण्याला जाडी असते, त्यामुळे आतला घेर ओवलेल्या लांबीपेक्षा कमी भरतो, मण्याच्या व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्तच. इथे अडीच सेंमी. मग 23 मणी लागले, वजन साधारण 16 ग्रॅम. 10 मिमीचे 19 पुरतात, पण भरतात 26 ग्रॅम, आणि कीबोर्डवर हात ठेवला की टेबलावर खटखट. 6 मिमीचे 30 लागतात, जेमतेम 9 ग्रॅम. ‘पुरुषांना 10, बायकांना 6’ हीदेखील निव्वळ फॅशन. बारीक मनगटाच्या माझ्या भावाला 6 मिमीचंच शोभतं. लोकलमध्ये कडी धरताना ते शर्टाच्या बाहीतही अडकत नाही.