कामगिरी-प्रत्याभरण (रुग्णालयांतील)

डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष कामाची मोजणी करून ती ठरलेल्या मानकाशी ताडून पाहणे व निष्कर्ष त्यांनाच कळवणे, या पद्धतीला कामगिरी-प्रत्याभरण म्हणतात. वॉर्डात मात्र ‘ऑडिट’ आणि ‘फीडबॅक’ हेच शब्द रुळले आहेत. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक रुग्णाचा किमान वर्षभर पाठपुरावा करून अंतिम परिणाम नोंदवण्याचा आग्रह धरला होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही.

या पद्धतीचा परिणाम होतो, पण सरासरीने बेताचाच. १४० चाचण्यांच्या २०१२ मधील कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात) योग्य पद्धतीच्या पालनात झालेल्या वाढीचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यास मधोमध येणारा आकडा, ४.३ टक्के-अंक होता. मधल्या निम्म्या निष्कर्षांचा पल्ला मात्र ०.५ पासून १६ पर्यंत गेला. मुळात कामगिरी कमी असेल, माहिती वरिष्ठाकडून किंवा सहकाऱ्याकडून, तोंडी व लेखी अशा दोन्ही रूपांत, एकाहून अधिक वेळा मिळत असेल आणि सोबत उद्दिष्ट व कृती-आराखडा असेल, तर फरक मोठा दिसला.

आकडा हाती पडला की पहिली प्रतिक्रिया बहुधा सुधारणेची नसते. ‘नोंदी चुकीच्या आहेत’, ‘आमच्याकडे गंभीर रुग्णच जास्त येतात’ हे आक्षेप आधी येतात, आणि पुष्कळदा ते खरेही असतात. म्हणून टक्केवारी काढताना छेदात, म्हणजे एकूण संख्येत, कोणते रुग्ण धरले व कोणते वगळले, हे अहवालातच लिहावे लागते. क्लूगर व डिनिसी या संशोधकांच्या १९९६ मधील विश्लेषणात प्रत्याभरणाने एक-तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी उलट घसरलेली आढळली. लक्ष कामावरून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की असे घडते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. नावानिशी यादी भिंतीवर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

समजा, चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक देणे हा निर्देशक आहे आणि ४० पैकी ३० शस्त्रक्रियांत तो पाळला गेला. ‘७५ टक्के’ एवढेच कळवून काही हलत नाही. उरलेल्या १० केसपेपरांवरील वेळा पाहिल्या, तर इंजेक्शन वॉर्डातच दिले गेले आणि पुढे शस्त्रक्रियागृह रिकामे व्हायला उशीर झाला, असे निघू शकते. दोष परिचारिकेच्या दक्षतेत नसून क्रमात असतो. औषध टेबलावर, भूल देणाऱ्याच्या हातून द्यायचे ठरवले की प्रश्न बराचसा सुटतो. असा बदल कर्मचाऱ्यांच्या अधिकारात नसेल, तर तेच आकडे दर महिन्याला वाचून केवळ उबग येतो.

मोजणी लहान असली की योगायोगाला यश समजले जाते. २० रुग्णांत एक घटना कमी झाली, तरी दर ५ टक्के-अंकांनी उतरतो. त्यामुळे दोन महिन्यांची तुलना करण्यापेक्षा नियंत्रण-आलेख, म्हणजे मध्यरेषेभोवती काळानुसार बिंदू मांडणारा आलेख, काढणे बरे. मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग आठ बिंदू आले, तर बदल खरा मानण्याचा प्रघात आहे. आकडे सहा महिने शिळे असतील, तर त्या पाळीतली माणसेही बदललेली असतात.

निरीक्षक समोर दिसत असताना हात धुण्याचे प्रमाण वाढते, हा मोजमापातला जुनाच घोटाळा. त्याहून घातक म्हणजे मृत्युदर जाहीर होणार म्हटल्यावर जोखमीचा रुग्ण टाळणे. यासाठी वय, सहव्याधी (सोबतचे इतर आजार) व दाखल होतानाची तीव्रता यांनुसार दर समायोजित करतात. तरीही टाळला गेलेला रुग्ण त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.