शेवळं, वलगण आणि मुंबईचं पावसाळी ताट: पार्श्वभूमी

मे संपता संपता दादर, पार्ले, बोरिवली, ठाणे या स्टेशनांबाहेर शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. टोपलीच्या कडेला हिरव्या, गोटीएवढ्या फळांचा वेगळा वाटा असतो. ती काकडं. विकणारी बाई जुडीबरोबर काकडं घ्यायचा आग्रह धरते, आणि तिचं ऐकावं. नुसती शेवळं रांधली तर घसा खाजतो.

शेवळं म्हणजे सुरणाच्या रानटी भाईबंदाचा फुलोरा. वळवाच्या सरींनी कंद जागा होतो आणि पानाआधी फूल वर काढतो, म्हणून हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच तोंडात टोचतात. हाताला तेल लावून बाहेरचं तपकिरी आवरण सोलायचं. आतल्या दांड्याच्या तळाशी पिवळसर, दाणेदार भाग असतो, तो अजिबात ठेवायचा नाही. उरलेलं बारीक चिरून, तेलावर रंग बदलेपर्यंत परतायचं. काकडं ठेचून पाण्यात उकळायची आणि ते गाळलेलं पाणी शेवळांत घालून मऊ होईपर्यंत शिजवायचं. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ. घाईत परतलेली किंवा आंबट कमी पडलेली भाजी हमखास खाजते, आणि ताटात वाढल्यावर त्यावर उपाय नसतो. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) आणि पाठारे प्रभू घरांत यात सोडे (सुकवलेली कोलंबी), ताजी कोलंबी किंवा खिमा पडतो. त्या दिवसांत सोडे सोयीचे, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते.

याच दोन महिन्यांत ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात घरातला भात संपत आलेला असतो, आणि नवा हळवा, म्हणजे लवकर पिकणारा, भात दसऱ्याच्या आसपास हाती येतो. मधल्या काळात वारली, कातकरी, ठाकर, मल्हार कोळी कुटुंबांना रान आणि ओढे तगवतात. शहरात जिला आपण हंगामी चव म्हणतो, ती मुळात या उपासमारीच्या महिन्यांची शिदोरी आहे. ती मुंबईच्या बाजारात पोचली रेल्वेमुळे. 1853 साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले, आणि 1867 पासून विरारहून मुंबईला रोजची गाडी धावू लागली. एका दिवसात कोमेजणारी पाला-भाजी पहाटे खुडून सकाळी शहरात विकता येऊ लागली.

रूळ आले त्याच काळात रानाला कुंपण पडलं. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलातला वावर हा हक्क राहिला नाही, सवलत झाली. खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा धंदा बसला. पाठोपाठ मोहाची पाळी आली. मोहाची फुलं दारूसाठी लागतात तशी ती वाळवून, भाजून, भाकरीत मिसळून खाण्याचीही वस्तू होती. सरकारला दिसली ती फक्त अबकारी, म्हणजे दारूवरचा कर. 1892 च्या मोहवरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत या फुलांच्या साठवणुकीवर आणि विक्रीवर निर्बंध आले. मोहाचे दोडे, म्हणजे कोवळी फळं, तेवढी भाजी म्हणून टिकली. आजही ती उकळून, पाणी टाकून, कांद्यावर परततात.

पाण्याचं तसंच झालं. मुंबईची तहान भागवायला विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला, तुळशी 1879 मध्ये, तानसा 1892 मध्ये; पुढे वैतरणेवर मोडकसागर 1957 मध्ये. गोड्या पाण्यातले मासे पहिल्या मोठ्या पावसात अंडी घालायला नदीतून ओहोळांत आणि भरलेल्या भातखाचरांत चढतात. हीच वलगण, कोकणात चढणीचे मासे. शिंगटी, मरळ, वाम, खवल असे मासे एक-दोन रात्री अक्षरशः बांधावरून वाहतात. कुणी पाग (फेकायचं जाळं) टाकतो, कुणी बांधाच्या मोरीत, म्हणजे पाणी जायच्या वाटेत, बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतो. धरणाच्या भिंतीपाशी ही चढण थांबते. जिथे ती उरली आहे तिथेही सापळ्याने मोरीची सगळी रुंदी अडवली तर गाभोळीने भरलेली मादी एकही वर जात नाही आणि पुढच्या वर्षी ओढा रिकामा राहतो. निम्मी मोरी उघडी ठेवणं हा जुना आणि शहाणा रिवाज आहे. ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकणारे तर पिल्लांसकट सगळं मारतात.

वलगणीचा मासा चिखलाचा वास धरतो. खवलं आणि कल्ले काढून, राख किंवा जाड मीठ चोळून दोन-तीन पाण्यांत धुतला की वास जातो. शेतातल्या काळ्या खेकड्यांचे, म्हणजे मुठ्यांचे, बारीक पाय पाण्यात वाटून गाळतात आणि तो रस कालवणात घालतात. खेकडा अर्धकच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुप्फुसातला कृमी माणसात येऊ शकतो.

पावसाने जोर धरला की पाला-भाज्या येतात. टाकळा फूल येण्याआधी, वीतभर उंचीचा असतानाच खुडावा. नंतर तो कडू होतो. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा गफलतीने जुडीत शिरतो. टाकळ्याच्या पानावर गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या दोन-तीन जोड्या असतात, कासविंद्यावर टोकदार पर्णिकांच्या चार-पाच. फोडशी या गवतासारख्या पानांच्या भाजीचा बुडखा माती धरून असतो, तो कापूनच पानं धुवावीत. फोडशीच्या गोतातल्या सफेद मुसळीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच बोरिवलीवरून आहे, क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. 1955 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. वारली फोडशीला कोळी म्हणतात आणि देवाला दाखवल्याशिवाय हंगामातली पहिली भाजी खात नाहीत. तेवढे दिवस रोपाला वाढायला मिळतात. कडूकंद तर चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकळून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आता भाजी खुडणं बेकायदा आहे, आरेच्या पाड्यांभोवतीचं रान आक्रसतं आहे, आणि मिठी, दहिसर या नद्यांतला मासा खाण्यालायक उरलेला नाही. भार पडतो तो जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाडच्या रानावर. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर (लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर) आणि पाणवठ्यांतल्या माशांवर सामूहिक हक्क मान्य केला. ज्या गावाला त्याचा दाखला मिळाला, तिथे कंद कधी खणायचा आणि मोरी किती उघडी ठेवायची हे ग्रामसभा ठरवू शकते. शहरात गिऱ्हाइकाच्या हातात असलेली गोष्ट छोटी आहे: करटोली घ्या, पण तिचा कंद विकायला आला तर घेऊ नका. कंद गेला की वेल पुढच्या पावसात उगवत नाही.