आशियाई क्रीडा स्पर्धेतलं गोल्फ

एशियाडमध्ये गोल्फ आलं ते १९८२ ला, दिल्लीत. तेव्हा पुरुषांचेच दोन प्रकार होते, वैयक्तिक आणि सांघिक, आणि दोन्हीकडची गोल्ड आपल्याकडंच राहिली. वैयक्तिकमध्ये लक्ष्मण सिंग पहिला आणि राजीव मोहता दुसरा. महिलांचं गोल्फ १९९० च्या बीजिंग एशियाडपासून सुरू झालं.

बेळगावात गोल्फ म्हटलं की लोकांना पहिला बिबट्याच आठवणार. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात एका कामगारावर हल्ला करून तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद, शोधायला सक्रेबैलच्या कॅम्पातनं हत्ती आणले, आणि एवढं करून गडी काही सापडला नाही. खेळ मात्र बहुतेकांनी कंपाऊंडच्या बाहेरूनच बघितलेला. निपाणी, खानापूरकडं तर तेवढंही नाही, तिकडं आखाडा नाहीतर टेनिस बॉलची क्रिकेट टुर्नामेंट. त्यामुळं नियम जरा सविस्तर सांगितलेले बरे.

स्पर्धा चार दिवस चालते, रोज १८ होल, एकूण ७२. होल म्हणजे मैदानातला खड्डा, फटके मारत मारत बॉल त्यात घालायचा. कुस्तीत समोरच्याला चितपट करायचं असतं, इथं समोर कोणी नसतंच, आपले फटके आपण मोजायचे आणि चार दिवसांत ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला. प्रत्येक होलला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक कमी मारला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. तुमचं स्कोअरकार्ड बरोबरचा खेळाडू लिहितो, शेवटी दोघांनी सही करायची, आणि एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिलेल्या कार्डावर तुम्ही सही करून दिली की स्पर्धेतनं बाद. अंपायर दर फटक्याला मागं उभा नसतो, सगळा कारभार विश्वासावर.

सांघिक पदकासाठी वेगळी मॅच होत नाही, तेच फटके परत मोजतात. पुरुषांचे चौघे असतात, त्यातले रोजचे चांगले तीन स्कोअर धरायचे. महिला तिघी, त्यातले दोन. एखाद्याचा दिवस बिघडला तर टीम सांभाळून घेते. वैयक्तिकमध्ये ती सोय नाही, सगळा हिशेब एकट्याच्या नावावर, आणि मला तरी एशियाडच्या गोल्फमध्ये बघण्यासारखं हेच वाटतं.

चीनमधल्या हांगझोऊला ते नीट दिसलं. स्पर्धा २०२२ ची, पण कोविडमुळं २०२३ ला झाली, आणि प्रोफेशनल खेळाडूंना एशियाडमध्ये पहिल्यांदाच परवानगी मिळाली, त्याआधी सगळा अमॅच्युअर कारभार होता. आपल्या महिला टीममध्ये तिघी होत्या, अदिती अशोक आणि अवनी प्रशांत बेंगळुरूच्या, प्रणवी अर्स म्हैसूरची, म्हणजे अख्खी टीम कर्नाटकाची! आपल्याकडं याची म्हणावी तशी चर्चाच झाली नाही, बेंगळुरू लांब पडतं म्हणा किंवा गोल्फ साहेबलोकांचं म्हणून सोडून दिलं म्हणा.

अदितीनं पहिल्या तीन दिवसांत ६७, ६६ आणि ६१ मारले. अठरा होलचा मिळून पार ७२ असताना ६१ म्हणजे एकाच दिवसात ११ फटके वाचवले की! शेवटच्या दिवशी, १ ऑक्टोबरला, ती सात फटक्यांची आघाडी घेऊन उतरली आणि तिथंच गाडी घसरली, चार बोगी, एक डबल बोगी, बर्डी फक्त एक, त्या दिवसाचे ७७. थायलंडची अर्पिचाया युबोल २६९ वर गोल्ड घेऊन गेली, अदिती २७१ वर सिल्व्हर. हातातलं गोल्ड गेलं म्हणून हळहळ वाटणारच, पण एशियाडच्या गोल्फमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. टोकियो ऑलिम्पिकमध्येही ती चौथी आली होती, तिथं ब्राँझ एका फटक्यानं हुकलं.

पुरुषांत वैयक्तिक गोल्ड हाँगकाँगच्या ताईची खो याला मिळालं, सिल्व्हर दक्षिण कोरियाच्या इम सुंग-जेला. सांघिक गोल्ड कोरियाचं, आणि त्यांना ते पदकापेक्षा मोठं होतं, कारण तिकडं तरुण पोरांना सक्तीची लष्करी नोकरी असते, एशियाडचं गोल्ड मिळालं की ती जवळजवळ माफ. इम आणि किम सी-वू अमेरिकेत पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल स्पर्धांत, खेळणारे, त्यांचं दीड-दोन वर्षांचं करिअर त्या चार दिवसांवर टांगलेलं होतं. बेळगावसारख्या मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरच्या गावात, जिथं भरतीसाठी पोरं पहाटे उठून पळतात, तिथल्या माणसाला हे ऐकून गंमतच वाटेल.

भारताची बाकीची पदकं: २००२ ला बुसानमध्ये शिव कपूरचं वैयक्तिक गोल्ड, २००६ दोहा आणि २०१० ग्वांगझोऊमध्ये पुरुष संघाचं सिल्व्हर. हांगझोऊपर्यंत धरून एकूण सात, तीन गोल्ड आणि चार सिल्व्हर.