पदवीच्या शेवटच्या वर्षातून एम.लिब.कडे: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

बी.ए. किंवा बी.एस्सी. चालू असतानाच एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, सुरू करता येते का? अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत पदवीच्या शेवटच्या टप्प्यात पदव्युत्तर विषय घेता येतात आणि त्यांचे क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात. आपल्याकडे पदवीचा निकाल लागल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. अर्ज मात्र शेवटच्या वर्षात असतानाच करता येतो. निकालाची वाट बघत बसलात, तर काही ठिकाणची मुदत तोवर निघून गेलेली असते.

नेहमीचा रस्ता म्हणजे पदवीनंतर वर्षभराचं बी.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदवी) आणि मग वर्षभराचं एम.लिब. दुसरा रस्ता सलग दोन वर्षांचा. बेंगळुरूच्या डीआरटीसी या ग्रंथालयशास्त्राच्या केंद्रात तो आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेत उभं केलेल्या या केंद्रासाठी संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे तुमचं सहावं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना ती देता येते.

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. त्यामुळे तिसऱ्या वर्षासोबत बी.लिब. उरकता येईल असा अनेकांचा समज होतो. तसं होत नाही, कारण बी.लिब.ला पात्रताच पूर्ण झालेल्या पदवीची लागते. एम.ए. करताना जोडीला दूरशिक्षणाने बी.लिब. मात्र करता येतं, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठात ते मराठीतून शिकता येतं. दूरशिक्षणाला आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) सक्तीचा आहे आणि तो एबीसी आयडीशिवाय (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याच्या क्रमांकाशिवाय) निघत नाही. हे दोन्ही आधीच काढून ठेवा.

हे आयडी काढताना नावाचा घोळ होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. आधारमधली दुरुस्ती परीक्षेच्या दिवसांत करायला जाऊ नका, दिवाळीच्या सुट्टीतच उरका.

बाकी कागद ओळखीचे आहेत: दहावी-बारावीच्या आणि आतापर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, टी.सी., विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, लागू असल्यास जातीचा दाखला. ओबीसी विद्यार्थ्यांनी विशेष जपायचं. केंद्रीय संस्थेत राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. तहसील कार्यालयात तसं स्पष्ट सांगा. टी.सी.ची मूळ प्रत एकच असते, म्हणून ती देण्याआधी प्रवेश कुठे घ्यायचा ते ठरवा आणि झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा.

गुणांकडे आत्तापासून बघा. इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) बी.लिब.ला पदवीत ५० टक्के लागतात. ग्रंथालयातल्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव असेल तर टक्केवारीची अट नाही. पुढे नेट देऊन महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं असेल, तर खुल्या गटाला एम.लिब.मध्ये ५५ टक्के हवेत.

निकाल बाकी असताना मिळतो तो तात्पुरता प्रवेश. त्यासाठी हमीपत्र लिहून द्यावं लागतं आणि त्यात अंतिम गुणपत्रिका जमा करायची तारीख असते. एखादा विषय राहिला तर तो प्रवेश रद्द होतो. म्हणून जुनी एटीकेटी असेल तर आधी ती सोडवा.