फेसलिफ्ट शस्त्रक्रियेचा खर्च

वयोमानाने सैल पडून ओघळलेली गालांची व मानेची त्वचा आणि तिच्याखालचे ऊतक वर-मागे ओढून बसवणे व उरलेली जादा त्वचा कापून टाकणे, या शस्त्रक्रियेस फेसलिफ्ट म्हणतात. वैद्यकीय ग्रंथांत तिला ‘ऱ्हिटिडेक्टमी’ म्हणतात. हे नाव सुरकुती आणि छेदन अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. मराठीत ‘वलीछेदन’ असा प्रतिशब्द योजता येईल. मात्र हे नाव काहीसे फसवे आहे. या शस्त्रक्रियेत सुरकुती कापली जात नाही. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि त्वचेवरचे डाग तिने जात नाहीत. त्यांपैकी प्रत्येकासाठी वेगळा उपचार व वेगळे शुल्क असते. खर्चाविषयीच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

उगम : या शस्त्रक्रियेचा आरंभ सुश्रुतापर्यंत नेण्याची प्रथा काही लेखनात दिसते. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक व कानाची पाळी जोडण्याचे विधी आहेत. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापून आला. त्यात टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या त्वचेपासून नव्याने घडवल्याचे वर्णन आहे. तो वाचूनच पुढे लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसा प्रयोग केला. परंतु हे सारे हरवलेला अवयव परत देण्याचे काम होते. वयाच्या खुणा कमी करण्यासाठी निरोगी त्वचा कापण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दुरुस्ती आणि सौंदर्य यांतील हा भेद इथे नोंदवून ठेवायला हवा. आजचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, ते त्याच भेदावर ठरते.

पहिली फेसलिफ्ट कोणाची, याबद्दल एकमत नाही. बर्लिनच्या ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ च्या सुमारास एका पोलिश सरदार घराण्यातील स्त्रीवर ती केल्याचे सांगितले जाते, पण हा दावा त्यांनी स्वतः केला तो तीन दशकांनंतर. केसांच्या कडेला त्वचेचे लहान तुकडे काढण्याच्या पद्धतीचा त्यांचा छापील उल्लेख १९१२ चा आहे. एरिश लेक्सर यांनी १९०६ मध्ये एका अभिनेत्रीवर शस्त्रक्रिया केली, पण ती प्रसिद्ध केली १९३१ मध्ये. याकोब योझेफ यांची १९१२ ची शस्त्रक्रिया १९२१ मध्ये छापली गेली. शिकागोच्या चार्ल्स मिलर यांचे चेहऱ्याच्या ‘उणिवां’वरचे पुस्तक १९०७ चे असले, तरी समकालीन शल्यचिकित्सकांत त्यांना फारसा मान नव्हता. दावा केव्हाचा यापेक्षा तंत्र केव्हा छापले गेले हा निकष धरल्यास पॅरिसच्या रेमों पासो यांचा १९१९ चा लेख आणि अमेरिकेतील अ‍ॅडलबर्ट बेटमन यांचे १९२० चे वर्णन अधिक भक्कम ठरतात. कानाच्या पुढून पाळीखाली व तेथून कानामागे जाणारा बेटमन यांचा अखंड छेद आजच्या छेदाशी बराच जुळतो. दाव्यांची ही गर्दी समजण्याजोगी आहे : त्या काळी अशी कामे गुपचूप होत, रुग्ण व डॉक्टर दोघेही बोलत नसत आणि शुल्काच्या नोंदीही त्यामुळेच विरळ आहेत.

अपवाद सुझान नोएल यांचा. पॅरिसमधील या शल्यचिकित्सक स्त्रीने १९२६ मध्ये सौंदर्यशल्यक्रियेच्या सामाजिक भूमिकेवर पुस्तकच लिहिले. वय दिसू लागल्यामुळे नोकरी गमावण्याची धास्ती असलेल्या स्त्रिया त्यांच्याकडे येत. ऐपत नसलेल्यांकडून त्या शुल्क घेत नसत, असेही नमूद आढळते. लहान छेद, स्थानिक भूल आणि त्याच दिवशी घरी, अशी त्यांची पद्धत होती. खर्च कमी ठेवण्याचे मार्ग आजही जवळजवळ तेच आहेत.

तंत्र आणि वेळ : बिलाचा आकडा मुख्यतः शस्त्रक्रियागृहातल्या तासांवर ठरतो आणि तास ठरतात ते किती खोल जायचे यावर. म्हणून थोडी शरीररचना पाहणे भाग आहे. आरंभीच्या पन्नासएक वर्षांत फक्त त्वचा सोडवून ती ताणली जाई. त्वचा लवचीक असल्याने ती पुन्हा सैल पडे आणि ताणामुळे व्रण रुंद होत. स्वीडनच्या तोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये त्वचा आणि तिच्याखालचा थर एकत्र उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मित्झ व पेरोनी या फ्रेंच संशोधकांनी शवविच्छेदनाच्या आधारे या थराचे सविस्तर वर्णन केले. हा चेहऱ्याचा उथळ स्नायू-प्रावरणी थर होय (प्रावरणी म्हणजे स्नायूंवरचे तंतुमय वेष्टन). इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘स्मास’ या नावाने ओळखला जातो. कानापुढील लाळग्रंथीवर तो जाड व घट्ट, तर गालाच्या पुढच्या भागात पातळ असतो. त्याच्याखाली आनन तंत्रिकेच्या शाखा पसरलेल्या असतात, ज्यांच्या जोरावर आपण हसतो, डोळे मिटतो, भुवया उचलतो.

या थराचे काय करायचे यावरून पद्धती वेगळ्या होतात. तो न उचलता नुसता दुमडून शिवणे, त्याची एक पट्टी कापून कडा जोडणे, किंवा तो मोकळा करून वर सरकवणे, असे पर्याय आहेत. सॅम हॅम्रा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या ‘डीप प्लेन’ पद्धतीत त्वचा व स्मास वेगळे न करता एकाच जाड पडद्यासारखे उचलतात आणि त्यांना हाडाशी बांधून ठेवणारे बंध सोडवतात. याउलट बेल्जियमच्या तोनार व फेर्पाले यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुछेद पद्धतीत कानामागचा छेद टाळून टाक्यांच्या साहाय्याने ऊतक वर टांगले जाते. दुमडून शिवण्याचे काम दोन-तीन तासांत होऊ शकते. खोल पद्धतीला, मानेचे काम धरून, चार-सहा तास लागतात. गालाच्या हाडावरून जाणारी आनन तंत्रिकेची कपाळाकडची शाखा आणि जबड्याच्या कडेची शाखा यांना जपत जावे लागते. कायमचा लकवा क्वचितच होतो, साधारणतः एक टक्क्याहून कमी रुग्णांत. सर्वांत अधिक इजा होते ती कानाच्या संवेदनेच्या तंत्रिकेला. कर्णछिद्राच्या सुमारे ६.५ सेंमी. खाली, मानेच्या तिरक्या स्नायूवरून ती जाते. ती दुखावली तर पाळी बधिर राहते.

खोल पद्धतीचे दर बहुधा चढे असतात. पण महाग ते अधिक चांगले, हे अजून सिद्ध झालेले नाही. या वादात एकरूप जुळ्यांवरचा एक अभ्यास वारंवार उद्धृत होतो. १९९५ मध्ये अमेरिकेत अशा दोन जोड्यांवर चार नामांकित शल्यचिकित्सकांनी आपापल्या पद्धतीने शस्त्रक्रिया केल्या आणि दहा वर्षांनंतरची छायाचित्रे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांचे निकाल चांगले होते. एक पद्धत नि:संशय सरस ठरली नाही. रुग्णसंख्या चारच असल्याने यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी पद्धतीच्या नावापेक्षा ती करणाऱ्याचा हात महत्त्वाचा, या मताला त्यातून बळ मिळते आणि प्रस्तुत नोंदीचा कलही तिकडेच आहे.

बिलाचे घटक : शल्यचिकित्सकाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोलीभाडे, पूर्वतपासण्या (रक्त, हृदयालेख इ.), औषधे व साहित्य, दाबपट्टी, पुढच्या भेटी व कर. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा यांतील पहिल्या घटकाचाच असतो. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लास्टिक सर्जन्स या संघटनेने २०२० साठी दिलेले फेसलिफ्टचे सरासरी शुल्क ८,००५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमयदराने सुमारे ६ लाख रुपये होते. तिने पुढे दिलेला आकडा ११,३९५ डॉलरचा आहे. या सरासरीत भूल, शस्त्रक्रियागृह व इतर खर्च धरलेले नाहीत, हे संघटना स्वतःच सांगते, पण आकडा उद्धृत करताना ती ओळ बहुधा गळते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या माहितीत छोट्या (‘मिनी’) फेसलिफ्टसाठी काही हजार पौंड, तर चेहरा व मान दोन्हींसाठी १०,००० पौंडांपर्यंत खर्च सांगितला आहे. भारतातील मोठ्या शहरांत खाजगी रुग्णालयांचे सांगितले जाणारे दर स्थूलमानाने दीड-दोन लाखांपासून चार-पाच लाख रुपयांपर्यंत आढळतात. ‘मिनी’ या शब्दाला मात्र ठरलेली व्याख्या नाही. कोणी लघुछेदाला मिनी म्हणतो, कोणी नुसत्या त्वचेच्या ताणाला. त्यामुळे दोन दरांची तुलना करण्यापूर्वी मानेचे काम धरले आहे का, स्मासचे काय करणार, भूल कोणती आणि रात्रभर ठेवणार का, हे लेखी विचारून घ्यावे. एवढ्या चार प्रश्नांनी स्वस्त दिसणारा दर पुष्कळदा महाग ठरतो.

स्थानिक भूल व गुंगी यांवर काम भागले तर खर्च घटतो. पण लांबलचक शस्त्रक्रियेत किंवा रक्तदाबाच्या रुग्णात भूलतज्ज्ञावर काटकसर करणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब उसळला की त्वचेखाली रक्त साचते. फेसलिफ्टमधील ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत असून साधारणतः एक ते चार टक्के रुग्णांत ती होते. दाढीच्या केसांमुळे पुरुषांच्या चेहऱ्यावर रक्तपुरवठा अधिक असतो. त्यांच्यात हे प्रमाण बरेच जास्त आहे. साचलेले रक्त वेळीच काढले नाही तर वरची त्वचा मरते. म्हणजे पुन्हा शस्त्रक्रियागृह, पुन्हा भूल. हा दुसरा खर्च कोण देणार हे पहिल्या अंदाजपत्रकात क्वचितच लिहिलेले असते, आणि तेच लिहून घेणे सर्वांत गरजेचे आहे. रक्तस्राव कमी करण्यासाठी अलीकडे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल वापरले जाते. ते स्वस्त आहे. त्याच हेतूने वापरला जाणारा ऊतक-गोंद मात्र बिल लक्षणीय वाढवतो. धूम्रपानाचाही हिशोब इथेच करावा लागतो. १९८४ च्या एका बहुचर्चित अमेरिकन अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत त्वचा मरण्याचा धोका बारापटीहून अधिक आढळला होता. काही आठवडे आधीपासून तंबाखू सोडायला लावणारा शल्यचिकित्सक म्हणूनच रुग्णाचा पैसाही वाचवत असतो.

परिणाम सात ते दहा वर्षे टिकतो असे सामान्यतः मानतात. चेहऱ्याचे वय त्यानंतरही वाढतच राहते. धाग्यांनी त्वचा ओढण्याचे उपचार स्वस्त असले, तरी त्यांचा परिणाम बहुधा वर्ष-दोन वर्षांचा असतो. त्यामुळे दरवर्षीचा खर्च काढला तर ते नेहमीच स्वस्त ठरत नाहीत. परदेशस्थ भारतीय सुट्टीत मायदेशी येऊन शस्त्रक्रिया करून घेतात तेव्हा डॉलरच्या मानाने बचत मोठी दिसते. टाके निघाल्यावरही सूज उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावे लागते. तो मुक्काम व परतल्यानंतरची देखरेख ही त्या बचतीतूनच वजा करायला हवीत.

विमा व कर : अमेरिकेत १९९० च्या कायद्याने निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च प्राप्तिकरातील वैद्यकीय वजावटीतून वगळला. न्यू जर्सी राज्याने २००४ मध्ये अशा उपचारांवर ६ टक्के कर बसवला होता. तो पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेतला. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये एका स्वीडिश प्रकरणात उपचाराचा हेतू आरोग्याचा असेल तरच मूल्यवर्धित करातून सूट, असा निर्णय दिला.

भारतात १ जुलै २०१७ पासून आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत, पण सौंदर्य व प्लास्टिक शस्त्रक्रिया त्या सवलतीबाहेर ठेवली आहे. तीवर १८ टक्के कर पडतो, म्हणजे ३ लाखांवर ५४,००० रुपये. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठीची शस्त्रक्रिया मात्र करमुक्त आहे. कावसजीचे नाक आज घडवले असते, तर ते या अपवादात सहज बसले असते. आरोग्यविम्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अपवर्जनांची (विम्यातून वगळलेल्या बाबींची) भाषा एकसारखी केली. तीनुसारही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असून अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा थेट व तातडीचा धोका टाळण्यासाठीचा उपचार एवढे अपवाद आहेत.

या दोन्ही याद्यांच्या बाहेर राहणारी एक फेसलिफ्ट मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात महत्त्वाची आहे. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची त्वचा जंतूंनी भरून फुगते व तिचे लवचीक तंतू नष्ट होतात. औषधांनी रोग बरा झाल्यावर ती त्वचा रिकाम्या पिशवीसारखी लोंबते आणि तिशीतला माणूस म्हातारा दिसू लागतो. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी अशा रुग्णांच्या चेहऱ्यांवर मोठे काम केले आणि १९६३ मध्ये कुष्ठरोगातील चेहऱ्याच्या पुनर्रचनेवर इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात लिहिले. कानापुढे, तसेच नाक व ओठ यांमधील घडीत छेद घेऊन जादा त्वचा काढण्याची ही शस्त्रक्रिया तंत्राने फेसलिफ्टच आहे. ज्याच्यावर ती होई, त्याला मात्र ती तारुण्यासाठी नव्हे, तर गावात परत राहता यावे आणि कामावर कोणी ठेवावे म्हणून हवी असे. सार्वजनिक रुग्णालयात असे काम होते तोवर कराचा व विम्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. खाजगी रुग्णालयात मात्र तो अर्थ लावण्याचा प्रश्न ठरतो, कारण करसवलतीच्या यादीत जन्मजात व्यंग आहे, इजा आहे, आघात आहे; ‘रोग’ हा शब्द नाही.